बाळ रडलं नाही

आमच्याकडं या दुखण्याला धड नाव नाही. गुरांच्या रोगांना आहे. फऱ्या, घटसर्प, लाळ्या-खुरकूत, शेंबडं पोरसुद्धा ओळखून सांगतं. पण जे लेकरू सहा महिन्यांचं झालं तरी मान धरत नाही, वर्षाचं झालं तरी बूड टेकून बसत नाही, ज्याचे हातपाय काटकीसारखे ताठ नाहीतर ओल्या फडक्यासारखे लुळे, त्याला कोणी पांगळं म्हणतं, कोणी वारं गेलेलं म्हणतं, कोणी वेडं म्हणून मोकळं होतं. सगळ्यांत जास्त ऐकू येतं ते ‘ग्रहणाचं पोर’. डॉक्टर लोक सीपी म्हणतात, म्हणजे सेरेब्रल पाल्सी. पुस्तकी मराठीत मेंदूचा पक्षाघात. आपल्या बोलीतल्या नावाकडं नीट बघितलं तर कळतं, की ते दुखण्याचं नाव नाहीच, दोषाचं नाव आहे. ग्रहणाचं पोर म्हणजे कुणीतरी ग्रहण पाळलं नाही. आणि ते कुणीतरी म्हणजे दरवेळी आईच.

दुखणं काय आहे ते आधी सांगतो. विहिरीवरची मोटर चांगली, पाइप चांगले, विहिरीत पाणीही आहे, पण वरून मोटरकडं जाणारी केबल मधे कुठंतरी जळालेली, अशातली गत. पोराचे हातपाय जन्मतः चांगलेच असतात. त्यांना हुकूम सोडणारा मेंदूचा जो भाग, त्याला इजा झालेली असते. ही इजा आईच्या पोटात होते, बाळंतपणात होते, नाहीतर जन्मल्यावर पहिल्या दोनेक वर्षांत होते. बाळ दिवसाआधी जन्मलं, वजनाला फार कमी भरलं, आईला गरोदरपणी काही ठरावीक ताप-संसर्ग झाले, जन्मताना बाळ गुदमरलं, पहिल्या आठवड्यात कावीळ डोक्यात चढली, पुढं मेंदूज्वर झाला, अशी कारणं पुष्कळ आहेत. बरेचदा दोन-तीन कारणं एकात एक अडकलेली असतात. काविळीचं तर फार वाईट वाटतं, कारण निळ्या दिव्याखाली दोन-चार दिवस ठेवलं तर बहुतेक बाळांची ती उतरते. आणि आपण मंत्र घालणारा शोधत फिरतो.

झालेली इजा पुढं वाढत नाही. हे फार लोकांना माहीत नसतं. शेळीनं शेंडा खाल्लेलं लिंबाचं रोप बघा. शेंडा खाल्ला तो एकदाच. पण झाड पुढं वाढतं ते त्या जखमेला वळसा घालून वाढतं. तसंच या पोरांचं. मेंदूतली जखम तेवढीच राहते, पण हाडं वाढतात, ताठ स्नायू त्यांच्या मापानं लांबत नाहीत, मग टाचा उचलल्या जातात, गुडघे आखडतात, खुबा सरकतो. म्हणून व्यायाम, पायाला आधाराची पट्टी, नीट बसायची खुर्ची, हे सगळं लवकर लागतं. रोप लहान असतानाच काठीला बांधावं लागतं, बुंधा झाल्यावर बांधून उपयोग नाही. आणि दुखणं सगळ्यांचं सारखं नसतं. एखाद्याचा एकच पाय ओढतो, तर एखाद्याचं चारी अंग अडलेलं असतं. बुद्धीचंही तसंच. साधारण निम्म्या पोरांची बुद्धी तुमच्या-माझ्यासारखी असते. फक्त ती बाहेर यायला तोंड वळत नाही नि हात उचलत नाही.

आमच्या भावकीत अशी एक पोरगी आहे. मे २०१० चा जन्म. तिच्यावर जे ग्रहण लागलं असं म्हणतात, ते १५ जानेवारी २०१० चं. आदल्या दिवशी संक्रांत झालेली, म्हणजे त्या दिवशी किंक्रांत. त्यात अमावस्या. त्यात भर दुपारचं सूर्यग्रहण. एवढे तीन वाईट योग एका दिवशी आल्यावर आमच्या वहिनींना, म्हणजे पोरीच्या आजीला, दुसरं कारण शोधायची गरजच पडली नाही. सूनबाईला पाचवा महिना होता. गाय हंबरायला लागली म्हणून तिनं उठून कडवळाच्या दोन पेंढ्या विळ्यानं तोडून गाईपुढं टाकल्या. झालं. पुढं पोरीनं मान धरली नाही, तेव्हा ग्रहणातला तो विळा परत बाहेर निघाला. “मी बस म्हन्ले व्हते गं तुला. गाय मेली असती का तासाभरात?”

आता ते ग्रहण काही आमच्या वाड्यापुरतं नव्हतं. रामेश्वर-कन्याकुमारीकडं तर सूर्याची बांगडी दिसली, आपल्याकडं खंडग्रास. म्हणजे सबंध देशावर होतं. त्या दुपारी आमच्या गावात आणखी चार-पाच बाया गरोदर होत्या. त्यातल्या दोघी पोटाला लागतं म्हणून कांद्यात खुरपत होत्या, खुरप्याला धार होतीच. त्यांची पोरं आज मैदानात चेंडू कुटतात. हे मी वहिनींना एकदा नाही, दहादा सांगितलं. त्यांचं एकच, “भाऊजी, ज्याचं त्याचं नशीब.” म्हणजे ग्रहण हरलं की नशीब पुढं येतं. माणसाला दोष द्यायला जागा लागते. ती रिकामी ठेवायची हिंमत होत नाही.

आणि ही आमच्याच गावची गोष्ट नाही. २६ डिसेंबर २०१९ ला सूर्यग्रहण होतं, तेव्हा आपल्या सोलापूरपलीकडं कलबुर्गीजवळच्या एका गावात अपंग लेकरांना गळ्यापर्यंत मातीत पुरून ठेवलं होतं. ग्रहणानं आलेलं ग्रहणातच जाईल म्हणून. त्याचे फोटो साऱ्या देशानं पाहिले. लोकांनी त्या आईबापांना शिव्या दिल्या. मला शिव्या सुचल्या नाहीत. कुणीही आईबाप आपलं लेकरू हौसेनं मातीत पुरत नाहीत. दुसरा रस्ता कुणी दाखवला नसेल तर माणूस मातीचाच धरतो.

याच्या पुढची पायरी म्हणजे गेल्या जन्मीचं पाप. इथं मात्र मी अडतो. पाप कुणाचं? लेकराचं म्हणावं, तर ज्याला ‘मी’ म्हणताही येत नाही त्याला आठवत नसलेल्या गुन्ह्याची शिक्षा द्यायची. एवढा अन्याय आपला फौजदारसुद्धा करत नाही. आईचं म्हणावं, तर पाप तिचं नि पाय लेकराचे कसे आखडले? आमच्या शेवगावातून नेवासा जवळ. तिथं ज्ञानेश्वरी ज्या खांबाला टेकून सांगितली म्हणतात, तो पैस खांब आहे. शके १२१२ ची, म्हणजे १२९० सालची ही गोष्ट. त्या चार भावंडांना गावानं काय म्हणून वाळीत टाकलं होतं? संन्याशाची पोरं म्हणून. बापानं संन्यास सोडून परत संसार मांडला, हा बापाचा गुन्हा, नि भोगला पोरांनी. सातशे वर्षं आपण त्या खांबापुढं डोकं टेकवतो आणि घरी येऊन तेच उलटं करतो. लेकराचं दुखणं आईच्या माथी मारतो.

मग खरं काय झालं? सूनबाईला संध्याकाळी कळा सुरू झाल्या. गाडी मिळायला रात्र झाली. तेव्हा १०८ ची गाडी सुरू व्हायची होती, ती आपल्या राज्यात २०१४ ला आली. एकाची जीप मिळाली. पहिल्या दवाखान्यात डॉक्टर नव्हते, तिथल्या बाईनं हात लावला नि पुढं न्या म्हणाली. पुढच्यानं आणखी पुढं. नगरला पोहोचेस्तोवर उजाडायला आलं होतं. बाळ झालं, पण रडलं नाही. खेड्यातली कुठलीही म्हातारी हे दोन शब्द ऐकून गप्प होते. सुईणी बाळाला उलटं धरायच्या, पाठीवर थापट्या मारायच्या, तोंडावर गार पाणी शिंपडायच्या, ते यासाठीच. पोरीला अकरा दिवस काचेच्या पेटीत ठेवलं होतं.

म्हणून मी मनाशी धरलं होतं, की कारण सापडलं, रस्ता आणि बंद दवाखाना. पण पुढं पोरीला तपासणाऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, की एका पोराच्या बाबतीत असं बोट ठेवून नक्की सांगता येत नाही. हा वाद जुना आहे म्हणाले. लंडनला विल्यम लिटल नावाचे डॉक्टर होते. त्यांचा स्वतःचाच एक पाय लहानपणच्या आजारानं वाकडा होता. त्यांनी १८६१ साली मांडलं, की अवघड बाळंतपण नि गुदमरणं यातून हे पांगळेपण येतं. पुष्कळ दिवस लोक याला लिटलचा रोग म्हणत. पुढं १८९७ ला सिग्मंड फ्रॉइडनं, तोच तो मनाचे रोग सांगणारा, उलट विचारलं, की बाळंतपण अवघड गेलं म्हणून मेंदू बिघडला, की पोटातच काही बिघडलं होतं म्हणून बाळंतपण अवघड गेलं? सुधारलेल्या देशांतले आजचे डॉक्टर म्हणतात की जन्मताना गुदमरणं हे थोड्याच पोरांचं कारण, बाकीचं आधीच पोटात झालेलं असतं. जिथं बाळंतपणाची सोय नाही तिथं गुदमरण्याचा वाटा मोठा. म्हणजे त्या रात्रीच्या जीपचा वाटा किती, हे कुणीच तोलून सांगू शकत नाही.

मला वाटतं, इथं आपण दोन गोष्टी एकाच पोत्यात भरतो. कारण वेगळं आणि दोष वेगळा. गारपिटीनं द्राक्षं झोपली, तर कारण आहे, दोष कुणाचा नाही. पण पाटाची चारी वर्षानुवर्षं फुटकी ठेवली, तक्रारी दिल्या, कुणी आलं नाही आणि शेवटी पाणी रानात घुसलं, तर तिथं कारण आहे नि दोषही आहे. शिकलेले लोक आईला समजावतात, ‘यात कुणाचीच चूक नसते’. आईला हे ऐकणं फार गरजेचं आहे, तिच्या छातीवरचा धोंडा उतरतो. पण ते वाक्य सबंध गावाला ऐकवलं तर गावही सुटतं, नि सरकारही. त्या रात्री सूनबाईच्या कळा ही गारपीट होती. डॉक्टर नसलेला दवाखाना ही गारपीट नव्हती. एका पोरीचं कारण तोलता येत नसेल, पण हजार बायांच्या अशा रात्री झाल्या तर त्यातली काही पोरं रडणार नाहीत, एवढा हिशेब दहावी शिकलेल्यालाही येतो.

आमच्या तालुक्याचं अर्धं अंग पाण्यावर नि अर्धं कोयत्यावर. जिल्ह्याचंही तेच. उत्तरेला प्रवरा, मुळा, ऊस, कारखाने. राज्यातला पहिला सहकारी साखर कारखाना लोणीला झाला तो आपल्याच जिल्ह्यात. दक्षिणेला पाथर्डी, जामखेड, तिथून दसरा झाला की बिऱ्हाडं तोडणीला निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं मिळून एक. उचल दोघांची मिळून घेतलेली. बाई गरोदर म्हणून घरी राहिली तर कोयता अर्धा होतो नि उचल फिटत नाही. म्हणून सातव्या-आठव्या महिन्यातली बाई डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढताना मी माझ्या डोळ्यांनी बघितली आहे, एकदा नाही, दर हंगामाला. रक्त कमी, झोप कमी, तपासणी एका गावात सुरू तर दुसऱ्या जिल्ह्यात बंद, बाळंतपण कोपीत. त्यातून दिवसाआधी झालेलं, दीड किलोचं लेकरू पुढं ताठ झालं, तर त्याची आजीही ग्रहणच शोधते. मुकादमाचं नाव कुणी घेत नाही. आम्हा बागायतदारांचं तर नाहीच नाही.

पण दोष ‘समाजाचा’ म्हणून टाकून दिला की तो गायरानात जातो. सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही. याला उत्तर शोधलं ते आपल्याच जिल्ह्यात, हे आपल्यालाच ठाऊक नसतं. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले. मोठ्या परीक्षा दिलेले, परदेशात शिकून आलेले. आधी त्यांनी शिकलेल्या नर्सबाया खेड्यांत ठेवून बघितल्या, त्या टिकल्या नाहीत. मग त्यांनी गावाला सांगितलं, तुमचीच एक बाई निवडा. ज्या बाया आल्या त्यांतल्या कित्येकींना अक्षर येत नव्हतं, कित्येकी दलित वस्तीतल्या, ज्यांच्या हातचं पाणी गाव पीत नव्हतं. त्यांना शिकवलं, गरोदर बाई कशी बघायची, बाळंतपण स्वच्छ कसं करायचं, कुठली बाई आधीच दवाखान्यात धाडायची. त्या भागात हजार बाळांमागं पावणेदोनशेच्या आसपास वर्षाच्या आत दगावत होती. विसेक वर्षांत तो आकडा तिसाच्याही खाली आला. १९७९ ला दोघांना मॅगसेसे मिळालं. दगावणारं बाळ आणि मेंदूला इजा होऊन वाचणारं बाळ ही एकाच वाटेवरची दोन गावं आहेत. एक टळलं की दुसरंही बरंच टळतं. गडचिरोलीला डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी तेच नवजात बाळापुरतं धरलं. गावच्याच बाईच्या हातात पिशवी नि मुखवटा दिला, न रडणाऱ्या बाळाला श्वास द्यायला शिकवलं. त्याचा अभ्यास १९९९ ला छापून आला, आणि आज आशाताई बाळंतिणीच्या घरी सहा-सात खेपा घालते, त्यामागं ते काम आहे. दोघांनीही दोष कुणाचा हे शोधत बसण्यापेक्षा काम कुणाचं हे ठरवलं, आणि ते एका नावगावाच्या बाईला नेमून दिलं.

दोष देण्यानं आणखी एक नुकसान होतं, नि ते फार मोठं आहे. लेकरू हा आईविरुद्धचा पुरावा होऊन बसतो. आणि पुरावा माणूस लपवतो. आमची सूनबाई दोन वर्षं पोरीला घेऊन लग्नाला गेली नाही, बाजारला गेली नाही. पोलिओ पाजायलाही सासूच न्यायची, दुपट्यात गुंडाळून. त्या दोन वर्षांत अंगारे झाले, पोटावर बिब्ब्याचे डाग झाले, एका वैदूनं पाय ओढून सरळ करतो म्हणून पोरीला कळवळवलं. लहान मेंदू नवी वाट शिकायला सगळ्यांत तयार असतो ती हीच वर्षं. ती गेली.

म्हणून ज्यांच्या घरात तान्हं आहे त्यांना सांगतो. चौथा महिना सरला तरी मान डुगडुगते, मुठी उघडतच नाहीत, लंगोट बदलताना मांड्या फाकत नाहीत, पाय कात्रीसारखे एकावर एक चढतात, आठ-नऊ महिन्यांनी बसत नाही, दूध पिताना सारखा ठसका लागतो, तर वाट बघू नका. आणखी एक. वर्षाच्या आतलं पोर एकच हात वापरतं तेव्हा आजोबा हसतात, ‘डावखुरं होणार वाटतं’. त्या वयात पोरानं दोन्ही हात सारखे वापरायला हवेत. दुसरा हात का वापरत नाही ते दाखवून या. २०१३ ला पालघरपासून सुरू झालेल्या सरकारी योजनेत अंगणवाडीत नि शाळेत तपासायला डॉक्टरांचं पथक येतं, त्या दिवशी अशा पोराला घरी ठेवू नका, त्याच्यासाठीच ते आलेले असतात. आणि निजवून भरवू नका. टेकून बसवून, मान किंचित पुढं घेऊन, थोडं थोडं. घास छातीत उतरला तर न्यूमोनिया होतो.

आता तो प्रश्न, जो आमच्या कट्ट्यावर कुणी उघड विचारत नाही, पण सगळ्यांच्या मनात असतो. अशा जिवाचा उपयोग काय? शेतकऱ्याच्या घरात माणूस कामावर तोलला जातो. म्हाताराही राखणीला तरी बसतो. मिठू अलूर नावाच्या बाईंची मुलगी मालिनी १९६६ ला जन्मली. ही पोरगी अशीच निपचित राहणार असं मोठमोठ्या डॉक्टरांनी सांगितलं. आईनं ऐकलं नाही. १९७२ ला मुंबईत अशा मुलांसाठी शाळा काढली, त्यातून सबंध देशात काम पसरलं. मालिनीबाई एका करंगळीनं टंकलेखन करत दोन एम. ए. झाल्या, नि आपल्या आयुष्यावर पुस्तक लिहिलं. हे सांगितलं की कट्ट्यावरचे लोक माना डोलावतात. पण मला हे उदाहरण देताना थोडं अवघड वाटतं. दोन एम. ए. झाली म्हणून तिचं जगणं खरं, तर आमची पोरगी जी सोळाव्या वर्षी मोजून पाच-सात शब्द बोलते, तिचं काय?

ती काय करते ते सांगतो. कांदा निवडायला बसलो की तिची चाकाची खुर्ची बराकीच्या तोंडाशी लावतात. वहिनी गोण्या मोजतात. वहिनींचा आकडा चुकला की पोरगी खुर्चीत उसळते नि मोठ्यानं हसते. शाळेत कधी नीट बसता आलं नाही, मोजायला कुणी शिकवलं नाही. मी पडताळून बघितलंय, दहातल्या नऊ वेळा तिचंच खरं. पण समजा तिला मोजता आलं नसतं, तरी ती हसली असती, नि त्या हसण्यानं सकाळपासून वाकून बसलेल्या बायांची पाठ सरळ झाली असती. उपयोग हा शब्द आपण बैलबाजारातून घरात आणला. बैल म्हातारा झाल्यावर विकायचा की दावणीला ठेवायचा, यावरसुद्धा घरात दोन दिवस भांडण होतं. मग माणसाला तो शब्द लावताना निदान तेवढं तरी अडखळावं.

उपयोगाचा नसला तरी दुसरा एक प्रश्न खराखुरा आहे. आईबापामागं काय? सूनबाई आता चाळिशीकडं आली, पोरीला उचलून तिची कंबर गेली. त्याची सोय थोडी कायद्यात आहे. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात या दुखण्याचं नाव आहे. अठरा वर्षांनंतर कायदेशीर पालक नेमून घेता येतो, जिल्हाधिकाऱ्यांची समिती ते करते. त्याच न्यासाची निरामय नावाची लाखापर्यंतची आरोग्य विमा योजना आहे. २०१६ च्या अपंगांच्या हक्कांच्या कायद्यात एकवीस प्रकार धरले, त्यात हाही आहे. पण कायदा पोरीला रात्री कुशीवर वळवणार नाही. ते माणसालाच करावं लागतं, नि ते माणूस बहुतेक वेळा बाईच असतं. बाप काय करतात हा वेगळा लेख होईल. पुष्कळ बाप पहिल्या वर्षातच दुसऱ्या बायकोची बोलणी करतात. आमच्या पुतण्यानं तसं केलं नाही. त्यानं मोरीला उतार केला, उंबरा फोडला, खुर्ची आत यावी म्हणून. वास्तूचा उंबरा फोडला म्हणून तेवढाही बोल त्यानं ऐकून घेतला.

या सगळ्याला लागतो तो दाखला. तो काढायला मागच्या हिवाळ्यात मीही बरोबर गेलो होतो. लाइन मोठी. टेबलावरचा पोरगा बरा होता, खुर्ची बघून त्यानं आम्हाला आधी घेतलं. नाव, आधार, गाव झालं. मग त्यानं विचारलं, “अपंगत्व जन्मतः का?” सूनबाईनं सवयीनं सासूकडं बघितलं नि मान खाली घातली. वहिनी थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “जलमापासून न्हाई, बाबा. गाडी वेळेवर गावली असती तर ठीक व्हती ती.” पोरानं वर बघितलं. म्हणाला, “आजी, इथं हो किंवा नाही एवढंच आहे.” आणि त्यानं हो वर खूण केली. परतताना स्टँडवर वहिनींनी नातीच्या दंडाचा काळा दोरा सुटला होता, तो परत आवळून बांधला.